धूर पेटवणारं पोळं

ऑक्टोबर लागला की व्हरमाँटमध्ये मेपलची पानं लाल होतात. ती पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ते भरून जातात आणि आम्ही इथले रहिवासी मात्र गुडघे टेकून शेगडीच्या पोटात हात घालून बसलेलो असतो. राख उपसायची, धुराड्यातून ब्रश फिरवायचा, दाराची दोरी तपासायची, सरपण पडवीत रचायचं. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो. बर्फाच्या वादळात वीज गेली की तेलावर चालणारी भट्टीही बंद पडते. तेव्हा घर तगतं ते या शेगडीवर.

आमची शेगडी बिडाची, ऐंशीचं दशक संपता संपता ओतलेली, आणि घराबरोबरच आमच्याकडे आली. तिचं वरचं झाकण आणि आतला एक पत्रा उचलला की खाली पांढुरकी, आडवी वीट दिसते. वीट भरीव नाही, तिला आरपार चौकोनी भोकं आहेत, मधाच्या पोळ्यासारखी. हा कॅटॅलिटिक कंबस्टर. पहिल्या वर्षी साफसफाई करताना मी तो उचलायला गेले आणि त्याचा कोपरा दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा बोटांत चुरला.

तेव्हा वाटलं, त्या मापाचा नवा आणायचा आणि बसवायचा, काम संपलं. प्रत्यक्षात सहा वर्षांत मी तीन कंबस्टर आणले आणि त्यातले दोन वाया घालवले. आता बॉस्टनकडून उत्तरेला घरं घेणाऱ्या ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन येतात, “जुनी शेगडी आहे, आत जाळीसारखं काहीतरी तुटलंय, कुठलं घेऊ?” त्यांना मी उलट विचारते, “जुनं कशानं गेलं?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, हे मला माझ्या दोन चुकांनी शिकवलं.

पण आधी ही वीट तिथे काय करते ते समजून घेऊ, कारण निवडीचे सगळे निकष त्यातूनच निघतात.

ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना हे सांगायला पुस्तक लागत नाही. माझं लहानपण वाईजवळच्या एका गावात गेलं. पावसाळ्यात सरपण दमट असायचं, चूल धुमसत राहायची, डोळ्यांतून पाणी यायचं. आजी फुंकणी घेऊन दोन-चार फुंकरी घालायची आणि एकाएकी भपकन जाळ व्हायचा. त्याच क्षणी घरातला धूर थांबायचा. आम्ही म्हणायचो लाकूड पेटलं. खरं तर पेटलेला असायचा धूर. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडतात. त्यांना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर त्यांचाच जाळ होतो आणि नाही मिळाली तर त्यांचा धूर होतो. विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराच्या रेषेला वरून काडी लावून पाहा. ज्योत त्या रेषेवरून खाली उतरून वात पेटवते. लाकडातल्या उष्णतेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त या वाफांमध्ये असते. धुराड्यातून बाहेर जाणारा धूर म्हणजे आपण तोडलेलं, फोडलेलं, वर्षभर वाळवलेलं सरपणच न जळता निघून जाणं.

मोकळ्या चुलीत हवा हवी तेवढी असते. बंद बिडाच्या शेगडीचं तसं नाही. रात्रभर आच टिकावी म्हणून आपण तिची हवा कमी करतो. लाकूड हळूहळू धुमसतं, वाफा निघत राहतात, पण त्यांना आपोआप पेट घ्यायला साधारण ५४० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि मंद आचेवर ते मिळत नाही. मग तो धूर थंड धुराड्यात जाऊन आतल्या भिंतीवर डांबरासारखा काळा, चकचकीत थर धरतो. इथे त्याला क्रिओसोट म्हणतात. एखाद्या रात्री शेगडी जोरात पेटली की हा थर पेट घेतो आणि धुराड्यात आग लागते. जुन्या लाकडी घरांत ही भीती खरी आहे.

१९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात लोक पुन्हा लाकडाकडे वळले. १९७५ साली याच व्हरमाँटमधल्या रँडॉल्फ गावात डंकन साइम आणि मरे हॉवेल यांनी ‘व्हरमाँट कास्टिंग्ज’ सुरू केली आणि घट्ट बंद होणाऱ्या, देखण्या बिडाच्या शेगड्या घरोघर पोचल्या. तेल वाचलं, पण हिवाळ्यात दऱ्याखोऱ्यांतून धुराची दुलई पसरू लागली. थंड, जड हवा दरीच्या तळाशी बसते, वरची उबदार हवा झाकणासारखी राहते आणि धुराला बाहेर पडायला वाट उरत नाही.

त्यावरचा तोडगा मोटारींकडून आला. न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीत रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीच्या धुरासाठी चिनी मातीचं बारीक भोकांचं पोळं बनवलं होतं. अमेरिकेतल्या १९७५च्या मोटारींपासून ते सर्रास वापरात आलं. त्याचीच मोठ्या भोकांची आवृत्ती १९८०च्या सुमारास लाकडाच्या शेगडीत शिरली. १९८८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, लाकडाच्या शेगड्यांसाठी देशभर पहिला नियम केला. १९९० पासून लागू झालेल्या टप्प्यात साध्या शेगडीतून तासाला ७.५ ग्रॅमपर्यंत धुराचे कण चालत होते, पण कंबस्टर असलेल्या शेगडीला फक्त ४.१ ग्रॅमची मुभा होती. एकाला सूट आणि दुसऱ्याला जाच, असं वरवर वाटेल. कारण साधं होतं. कंबस्टर वापरानं मंदावत जातो हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून नव्या शेगडीकडून त्यांनी जास्त मागितलं. कंबस्टर हा झिजणारा भाग आहे हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. तरीही घर विकत घेताना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

कंबस्टरमधल्या भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम यांचे अतिसूक्ष्म कण. १८१७ साली हम्फ्री डेव्हीनं पाहिलं होतं, की ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली, तर ज्योत नसतानाही ती लाल होऊन चमकत राहते. वायू तारेच्या पृष्ठभागावर जळत होता. आपण शाळेत ज्याला उत्प्रेरक म्हणून शिकलो तो हाच. स्वतः न संपता तो जळण्याची क्रिया सोपी करतो. कंबस्टरमुळे धूर साधारण २६० ते ३१५ अंशांवरच जळू लागतो, आणि एकदा जळू लागला की त्याच्याच उष्णतेनं पोळं ५५० ते ७५० अंशांवर जाऊन लालबुंद होतं. म्हणजे शेगडीत मंद आच आणि वर धुराचा वेगळा, ज्वाळेविना जाळ.

पेटवताना आणि सरपण घालताना धुरानं पोळ्यातून जायचं नसतं, कारण ते थंड असतं आणि वाट अडते. म्हणून एक झडप असते. ती उघडी असली की धूर सरळ धुराड्यात जातो, बंद केली की पोळ्यातून.

आता निवडीकडे. पहिला प्रश्न असा, की जुना कंबस्टर खरोखरच गेला आहे का? धुरकट काळा दिसतो म्हणून लोक तो फेकून देतात. काळेपणा म्हणजे बहुतेक वेळा काजळी, आणि ती गरम आचेवर जळून जाते. करडी राख म्हणजे भोकं बुजली आहेत, मऊ ब्रशनं हलकेच झाडली की झालं. दाबाखालची हवा मारू नये, त्यानं प्लॅटिनमचा थरच उडतो. मातीच्या पोळ्याला केसासारखी चीर असेल आणि ते एकसंध असेल तर तेही चालतं. ते लाल दिसत नाही म्हणूनही घाबरू नये. सरपण नवं असताना, धूर भरपूर असतो तेव्हाच ते तापून चमकतं. पुढे धूर कमी होतो, चमक जाते, पण काम चालू असतं.

खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. एक तापमापकावर. पोळ्याजवळ सळईचा तापमापक असेल, तर शेगडी नीट तापल्यावर, काटा २६० अंशांच्या, म्हणजे इथल्या तबकडीवरच्या ५०० फॅरनहाइटच्या पुढे गेल्यावर झडप बंद करा. कंबस्टर जिवंत असेल तर काटा पुढच्या काही मिनिटांत वर चढू लागतो. कोरडं सरपण असूनही तो तिथेच घुटमळला, तर शंका घ्यायला जागा आहे. दुसरी परीक्षा अंगणात. झडप उघडी असताना धुराड्याकडे पाहा, मग बंद करून अर्ध्या तासानं पुन्हा पाहा. थंडीत पाण्याची वाफही पांढरी दिसते, पण ती धुराड्यापासून थोड्या अंतरावर विरून जाते. धूर निळसर करडा असतो आणि लांबवर रेंगाळतो. दोन्ही वेळा सारखाच धूर दिसला तर पोळं मंदावलं आहे.

तरीही नवा आणण्याआधी एक उपाय करून पाहावा. शुद्ध केलेलं पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन त्यात पोळं अर्धा तास मंद उकळायचं, मग नुसत्या शुद्ध पाण्यात दोनदा उकळून पूर्ण वाळवायचं. राखेतले क्षार सुटून जातात आणि कधी कधी आणखी एखादा हिवाळा निघतो. पोळ्याभोवती तापून फुगणारी पट्टी गुंडाळलेली असेल तर ती आधी काढावी, पाण्यात तिचा लगदा होतो. माझ्या पहिल्या पोळ्याचा कोपरा गेला होता, म्हणून माझा हा मार्ग बंद होता.

एका कंबस्टरनं साधारण दहा ते बारा हजार तास काम करावं अशी अपेक्षा असते. हिवाळाभर दिवसरात्र शेगडी पेटवणाऱ्या घरात हे तीन-चार हिवाळे भरतात, अधूनमधून पेटवणाऱ्यांना बरीच जास्त वर्षं मिळतात. एखाद-दुसऱ्या हिवाळ्यातच तो गेला असेल तर दोष त्याचा नसून दुसरीकडे कुठेतरी आहे, असं मानून शोधाला लागावं.

मृत्यूच्या तऱ्हा वेगवेगळ्या आणि त्यांच्या खुणाही. पोळं दिसायला धडधाकट असूनही पेटत नसेल तर बहुधा विषबाधा. शिसं, जस्त, गंधक, फॉस्फरस, क्लोरिन हे प्लॅटिनमवर जाऊन बसतात आणि उठत नाहीत. रंगवलेल्या फळ्या, औषध मारलेलं लाकूड, प्लायवुड, गुळगुळीत रंगीत मासिकं, कोळसा, समुद्रातून वाहून आलेलं खारट लाकूड, धुराडं साफ करायची रासायनिक पावडर, हे सगळं कंबस्टरच्या शेगडीत निषिद्ध. मुंबईकरांना यातली एक गोष्ट वेगळ्या रूपात आठवत असेल. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा पंपांवर शिसेविरहित पेट्रोलही यावं लागलं. शिशाच्या पेट्रोलनं तो कन्व्हर्टर निकामी झाला असता. नियम तोच, फक्त इथे पेट्रोलच्या जागी जुन्या दरवाजाची रंगीत फळी.

पोळ्याला आरपार तडे गेले असतील, तर तापलेल्या मातीला अचानक गारवा लागला आहे. लाल झालेल्या पोळ्याखाली ओलं सरपण घातलं की वाफेचा लोट त्यावर जातो. तापल्या तव्यावर गार पाणी ओतल्यासारखंच ते. आणि पोळं चुरत असेल, विटेचा भुगा होत असेल, तर त्याला झेपण्यापलीकडची उष्णता मिळाली आहे. ८७० अंशांच्या, म्हणजे १६०० फॅरनहाइटच्या पुढे वारंवार गेलं की थर मरतो आणि माती ठिसूळ होते. हे बहुतेक वेळा थेट ज्वाळा लागल्यानं होतं. कंबस्टरला धूर हवा असतो, ज्वाळा नको.

माझा चुरला होता, आणि मला तेव्हा हे वाचता आलं नाही. मी नवा मातीचाच आणला. दीड हिवाळ्यात तोही चुरला. चिडून मी ठरवलं, आता धातूचा घ्यायचा, धातू काही चुरत नाही. माप बेताबेतानं जुळणारा एक स्वस्तात मिळाला. धातूचं ते पोळं दुसऱ्या हिवाळ्यात मधोमध वाकून खाली आलं, आणि त्याच्या चारी बाजूंनी बोटाच्या पेराएवढी फट राहिली होती ती वेगळीच. शेवटी गावातल्या धुराडी साफ करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी पोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून एक डॉलरची नोट काढली, शेगडीच्या दारात धरली, दार बंद केलं आणि नोट ओढली. ती सहज सरकून आली. दाराच्या चारी बाजूंनी त्यांनी हेच केलं. बिजागरीच्या बाजूला नोट घट्ट बसत होती, कडीच्या बाजूला आणि खाली ती हवेत लटकल्यासारखी निघत होती.

दाराच्या खाचेतली काचतंतूंची दोरी वर्षानुवर्षांच्या दाबानं कडक होऊन चपटी झाली होती. त्या फटीतून हवा आत येत होती, आणि मी हवेची कळ कितीही बंद केली तरी शेगडी ऐकत नव्हती. ज्वाळा उंच जाऊन पोळं चाटत होत्या. तिन्ही पोळ्यांना त्या दारानं मारलं होतं. वीस-पंचवीस डॉलरची दोरी आणि एक दुपार, एवढाच खर्च होता. त्याआधी मी त्याच्या कितीतरी पट पैसे पोळ्यांत घातले होते.

म्हणून माझा क्रम आता असा आहे. आधी दारांची आणि राखेच्या कप्प्याची दोरी, मग झडप. झडपेचा पत्रा वाकला असेल तर धूर पोळ्याला वळसा घालून निघून जातो. पाटाला मध्येच भगदाड पडलं तर पाणी पिकापर्यंत पोचत नाही, तसंच. धुरालाही अडथळ्यातून जाण्यापेक्षा भगदाड आवडतं. काही शेगड्यांत कंबस्टर ज्या पेटीत बसतो ती चुन्यासारख्या मऊ, तंतुमय पदार्थाची असते. जुनी झाली की ती बोटाच्या धक्क्यानंही फुटते. तीही आत्ताच पाहावी, आणि हाताळताना नाकातोंडाला चांगला मास्क लावावा, कारण तापून जुने झालेले ते तंतू फुप्फुसाला घातक असतात. सरतेशेवटी सरपण. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ओंडका फोडून ताज्या चिरलेल्या पृष्ठभागावर त्याच्या सुया टोचायच्या. वीस टक्क्यांच्या आत असेल तरच ते या शेगडीचं सरपण.

हे सगळं जागेवर आल्यावर नव्या पोळ्याचं माप घ्यायचं. शेगडीच्या मागे धातूची पट्टी असते, तिच्यावरचं मॉडेल, क्रमांक आणि साल टिपून घ्या. एकाच नावाच्या शेगडीत वर्षागणिक वेगळं पोळं बसवलेलं असू शकतं, त्यामुळे नुसतं नाव पुरत नाही. मग जुनं पोळं मोजा. लांबी, रुंदी किंवा व्यास, आणि जाडी. भोवती स्टीलची पट्टी असेल तर तिच्यासह आणि तिच्याशिवाय अशी दोन्ही मापं घ्या. बाहेरचं माप बरोबर आणि आतलं वेगळं, असं होतं.

लोक इथे थांबतात. माझ्या मते खरी निवड इथून पुढे सुरू होते, कारण शेगडी त्या पोळ्यातूनच श्वास घेते. पट्टी ठेवून एका इंचात किती भोकं येतात ते मोजा. चार आली तर चौरस इंचाला सोळा, पाच आली तर पंचवीस. मोटारीच्या पोळ्यात हीच संख्या चारशेच्या आसपास असते, पण मोटारीला इंजिन धूर ढकलून देतं. शेगडीकडे ढकलणारं कुणी नाही. धुराड्यातली गरम हवा वर चढते तेवढीच ओढ, आणि त्या ओढीवर धूर पोळ्यातून जातो. भोकं बारीक केली किंवा पोळं जाड घेतलं तर जळायला पृष्ठभाग वाढतो खरा, पण वाट अरुंद होते आणि राखेनं लवकर बुजते. धुराडं उंच, सरळ आणि घराच्या आतून जाणारं असेल तर ते ही अडचण पेलतं. घराबाहेरच्या भिंतीला लागून उभं असलेलं थंड विटांचं धुराडं मात्र कुरकुरतं, आणि दार उघडताच धूर खोलीत येतो. उलट, मूळ दोन इंच जाडीच्या जागी एक इंचाचं बसवलं तर धूर पुरेसा वेळ आत थांबत नाही. शेगडी बनवणाऱ्यानं एका विशिष्ट अडथळ्यासाठी तिचे हवेचे मार्ग आखलेले असतात. तो अडथळा होता तेवढाच ठेवणं, हा माझ्या लेखी पहिला निकष. ‘जास्त ताकदीचा’ म्हणून वेगळं पोळं विकणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

माती की धातू, यावर इथे तावातावानं वाद चालतो. मातीचं पोळं कॉर्डिएराइट नावाच्या पदार्थाचं असतं. उष्णतेनं ते फारसं फुगत नाही, आकार सोडत नाही, आणि एकदा तापलं की बराच वेळ तापलेलं राहतं. पण ठिसूळ असतं, धक्का आणि गारवा त्याला सोसत नाही. धातूचं पोळं स्टीलच्या पातळ पन्हाळीदार पत्र्याचं. त्याचं वजन कमी, म्हणून लवकर तापतं आणि लवकर कामाला लागतं. फुटत नाही, पण अति तापलं तर वाकतं. दिवसातून दोन-तीनदा थंड शेगडी पेटवणाऱ्या घराला, कामावरून संध्याकाळी परतून घर तापवणाऱ्यांना धातूचा फायदा होतो. आमच्यासारखी जिथे शेगडी नोव्हेंबर ते मार्च विझतच नाही, तिथे मातीचं पोळं शांतपणे काम करतं. त्यातही मूळचं पोळं कशाचं होतं आणि शेगडी बनवणाऱ्यानं दुसऱ्याला मान्यता दिली आहे का, हे आधी पाहावं. वाकणारं पोळं खालून आधार नसलेल्या खाचेत बसवलं तर माझ्यासारखी गत होते.

किती प्लॅटिनम लावलं आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि किंमत बरीचशी त्यावरच ठरते. दोन पोळी शेजारी ठेवली तर स्वस्त आणि महाग सारखीच दिसतील. म्हणून लेखी हमी वाचावी. किती वर्षांची, कशाची, आणि नुसत्या चुरण्याची की पेटेनासं होण्याचीही. हमी द्यायला कुरकुरणाऱ्याकडून मी घेत नाही, मग किंमत कितीही पडो.

अमेरिकेत एक बाब सोयीची नाही, कायद्याची आहे. प्रमाणपत्र मिळालेली कंबस्टरची शेगडी कंबस्टर काढून किंवा निकामी ठेवून वापरणं बेकायदा आहे, आणि तसं तिच्या माहितीपुस्तकातच छापलेलं असतं. काही लोक नव्याचा खर्च टाळायला पोळं काढून तशीच शेगडी पेटवतात. आतले मार्ग पोळ्यासाठी आखलेले असल्यामुळे तेव्हा ती साध्या शेगडीपेक्षाही जास्त धूर सोडू शकते, आणि तो धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो.

शेगडीच बदलावी का, हाही प्रश्न विचारायला हवा. बिडाला आरपार तडा गेला असेल, आतले भाग मिळेनासे झाले असतील किंवा शेगडी १९८८च्याही आधीची, प्रमाणपत्र नसलेली असेल, तर नवं पोळं घेऊन तिच्यावर पैसे घालू नयेत. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या शेगड्यांना तासाला २ ग्रॅमची मर्यादा आहे, चाचणी खऱ्याखुऱ्या सरपणावर केलेली असेल तर २.५ ग्रॅमची. मोंटानातल्या लिबी या दरीतल्या गावात २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हजाराहून अधिक जुन्या शेगड्या बदलल्या, आणि हिवाळ्यातले हवेतले सूक्ष्म कण लक्षात येण्याइतके घटले. आमच्या शेगडीचं बीड शाबूत आहे, भाग अजून मिळतात, म्हणून आम्ही तिला ठेवली.

चौथं पोळं गेल्या ऑक्टोबरात आलं. मातीचं, मूळ मापाचं, मूळ जाडीचं, इंचाला पाच भोकांचं. खोक्यातून काढलं तेव्हा ते नव्या पणतीसारखं कोरडं आणि हलकं लागलं. बरोबर करड्या कागदासारखी एक जाड पट्टी होती. ती पोळ्याभोवती गुंडाळून वर रंगाऱ्याची साधी कागदी चिकटपट्टी लावायची. पट्टीत अभ्रकाच्या जातीचं खनिज असतं. पहिल्यांदा तापलं की ते पोह्यासारखं फुलतं आणि पोळं व पेटी यांच्यातली फट भरून टाकतं. कागदी पट्टी तोवर जळून गेलेली असते. म्हणून फुलण्याआधी ते जोरानं ठोकून बसवायचं नाही, आणि फुलल्यावर विनाकारण बाहेर काढायचं नाही. दारातली नवी दोरी मी आदल्या आठवड्यातच बसवली होती. नोट धरून चारी बाजूंनी ओढून पाहिली, कुठेच सुटली नाही.

पहिले दोन दिवस लहान आच ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेपलचे तीन ओंडके घातले, झडप उघडी ठेवून चांगले धगधगू दिले. काटा ५०० च्या पुढे गेला तेव्हा झडप लावली, हवा अर्ध्यावर आणली आणि खालच्या ज्वाळांकडे बघत बसले. त्या खाली बसल्या, आळसावल्यासारख्या लाकडाला लगडून राहिल्या, वर उसळल्या नाहीत. काटा ७०० वर गेला, मग ९००, मग हजारापाशी स्थिरावला. दिवा घेऊन अंगणात गेले. धुराड्यावरची हवा नुसती थरथरत होती, तिच्यापलीकडे चांदण्या दिसत होत्या.